अण्णांच्या मेंदूतली काळी रेघ: कुणी नीट समजावून सांगेल का?

पूर्वभागवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय 67. चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, होते, तीसेक वर्षं. दीड वर्षापूर्वी त्यांचा डावा खांदा धरला. एका डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून सहा महिने शेक, व्यायाम, इंजेक्शन सगळं केलं. खांदा होता तसाच. मग दिवाळीला बहीण आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की चालताना अण्णांचा डावा हात हलतच नाही. बाहीच शर्टाला शिवून टाकल्यासारखा अंगालगत. पुढे बसल्याबसल्या त्या हाताचा अंगठा बोटांवर घासायला लागला. आईने उभा जन्म बिड्या वळल्यात. ती म्हणाली, "हे काय, आता तुम्ही पण बिड्या वळायला लागला का?" आम्ही हसलो. पुढच्याच महिन्यात न्यूरोवाल्यांनी पार्किन्सन सांगितलं.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनने एक चित्र काढलं. म्हणाले, मध्यमेंदूत इथे एक काळी रेघ असते, ती फिकी पडत चालली आहे. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, जास्त विचारता आलं नाही. कागद मात्र जपून ठेवलाय.

तर प्रश्न असे. मेंदूत काळं काय असतं? मेंदूतल्या रेघेचा डाव्या हाताशी संबंध काय? आणि एक कोडं. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती, तिथे अण्णा बरे चालायचे. चार महिन्यांपूर्वी भावाच्या फ्लॅटवर आलो, पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स. इथे ते बेडरूमच्या दारात अडकतात. अक्षरशः पाय फरशीला चिकटल्यासारखे. आई म्हणते या घराची वास्तू बरोबर नाही. मला ते पटत नाही, पण दुसरं उत्तरही नाही.

हुरडापार्टी
अरे बापरे. अण्णा आता काय करलालेत? जेवणखाण बरं हाय ना? मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर ठेवतो. छेदनकक्ष सरांना कुणीतरी हाक मारा.

छेदनकक्ष
हाक ऐकू आली. शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे रचना सांगतो. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

त्या रेघेचं नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा. नाव भारदस्त, पण लॅटिनमध्ये अर्थ 'काळा पदार्थ' एवढाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिक दाझीर नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने ती वर्णन केली. कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून जशी दिसली तसं नाव दिलं.

मेंदू उलटा धरला की खालून देठ निघालेला दिसतो. त्या देठाचा सगळ्यात वरचा भाग म्हणजे मध्यमेंदू. लांबी दोनेक सेंटिमीटर, अंगठ्याच्या एका पेराएवढी. काकडीची चकती काढतात तसा आडवा काप घ्यायचा. पुढच्या बाजूला दोन जाड खांब दिसतात, मेंदूच्या सालीतून खाली हातापायांकडे जाणाऱ्या तारा त्यांच्यातून उतरतात. खांबांच्या लगेच मागे, दोन्ही बाजूंना एकेक, डोळ्यात घातलेल्या काजळासारखी काळपट वाकडी पट्टी. तीच तुमची रेघ. तिच्या मागे दोन गोल लालसर केंद्रं. त्याच्याही मागे एक बारीक नळी, तिच्यातून मेंदूतलं पाणी खाली झिरपतं. आणि पाठीवर चार उंचवटे, वरचे दोन नजरेचे, खालचे दोन ऐकण्याचे. मुलं या कापाला मिकी माऊस म्हणतात. पुढचे खांब हे त्याचे कान. मी पण तसंच शिकवायचो, लक्षात राहतं.

एवढ्याशा जागेत किती दाटी आहे पाहा. डोळा हलवणारी तिसरी नस लाल केंद्राला चाटून, काळ्या पट्टीच्या आतल्या कडेने, दोन खांबांमधून बाहेर पडते. इथली छोटी रक्तवाहिनी बंद झाली तर एका बाजूची पापणी खाली येते आणि उलट बाजूचे हातपाय लुळे पडतात. एका गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेतला बिघाड, आणि शरीराच्या दोन्ही बाजू आडव्या होतात.

काळेपणा न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. डोपामीन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशींमध्ये ते हळूहळू साठतं. नवजात बाळाच्या मेंदूत ही पट्टी काळी नसते, दोन-तीन वर्षांनंतर रंग धरायला लागते आणि वयाबरोबर गडद होते. कातडीच्या रंगाशी याचं काही नातं नाही. ज्यांच्या अंगावर जन्मतः रंगच नसतो त्या माणसांच्या मेंदूतही ही पट्टी काळीच असते.

पार्किन्सनमध्ये या पेशी मरतात, म्हणून रंग जातो. हे सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या नोकरीत एकदा असा मेंदू टेबलावर आला होता. देहदान केलेले गृहस्थ, इतिहास माहीत नव्हता. काप काढला आणि पट्टी जिथे असायला हवी तिथे फक्त पुसट करडी सावली. शेजारच्या ट्रेमधला काप जवळ ठेवून मुलांना दाखवला. एरवी मागच्या बाकावर गोंधळ असायचा, त्या दिवशी कुणी बोललं नाही.

हा संबंध पक्का मांडला त्रेत्याकॉफ यांनी, 1919 साली, पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात. म्हणजे जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये आजाराचं वर्णन केल्यानंतर तब्बल 102 वर्षांनी.

हाताचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

पूर्वभागवाला
सर, काजळ म्हटल्यावर तो प्रिस्क्रिप्शनवरचा कागद पुन्हा काढून बघितला. आता कळला. तोवर मला ते कासव वाटत होतं.

छेदनकक्ष
कासवही चालेल!

आता जोडण्या. या पट्टीचे दोन थर आहेत. मागचा थर दाट आणि काळा, डोपामीनच्या पेशी इथे. पुढचा थर विरळ, फिकट, त्यातल्या पेशी गाबा नावाचं रसायन सोडतात. गाबाचं काम गप्प बसवण्याचं. एकाच घरात दोन बिऱ्हाडं म्हणा. दार एक, धंदे वेगळे.

काळ्या थरातून तंतू निघतात ते वर, मेंदूच्या गाभ्यातल्या स्ट्रायाटम नावाच्या भागात जातात. एकेका पेशीचे फाटे इतके की माणसात एका पेशीचे दहा लाखांच्या वर जोड असावेत असा अंदाज आहे. एवढा संसार चालवायला ऊर्जाही तेवढीच लागते, आणि म्हणूनच या पेशी आधी दमतात असं काही संशोधक मानतात. यांच्या अगदी शेजारी, मधल्या रेषेकडे डोपामीनचाच आणखी एक पुंजका आहे. त्याच्या तारा हौस, आवड, बक्षीस यांच्या भागांकडे जातात. तो पार्किन्सनमध्ये त्यामानाने वाचतो.

उजवी पट्टी उजव्या स्ट्रायाटमला जोडलेली, आणि मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. अण्णांची उजवी पट्टी आधी झिजायला लागली, म्हणून डावा हात. बहुतेकांत सुरुवात अशी एकाच बाजूने होते. हात झुलायचा थांबतो, खांदा आखडतो. खांद्यावर उपचार होत राहणं ही नेहमीची फसगत आहे. त्या पहिल्या डॉक्टरांवर फार रागावू नका.

फिकट थर मात्र सगळ्या यंत्रणेचा शेवटचा दरवाजा आहे. त्याच्या पेशी सेकंदाला पन्नासाहून जास्त वेळा 'नको, नको' असा संदेश पाठवत असतात. थॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या सालीकडे संदेश पोचवणाऱ्या केंद्राला, पाठवतात, आणि मघाशी सांगितलेल्या नजरेच्या उंचवट्यालाही. स्ट्रायाटमने त्यांना क्षणभर गप्प केलं, की तेवढीच हालचाल सुटते. आत्ता ही ओळ वाचताना तुमचे डोळे शब्दावरून शब्दावर उड्या मारतायत ना, त्यातल्या उड्यांच्या आधी तिथल्या काही पेशी पळभर गप्प होतात. हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी 1983 मध्ये माकडांमध्ये हे दाखवलं.

जॅकार्ड_जोडारी
सर, हे तर आमचं जॅकार्ड झालं की!

पूर्वभागवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी लिहितो. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी काढणारं यंत्र. चादरीवर मोर काढायचा तर ताण्यातला कुठला दोरा उचलायचा हे कार्ड ठरवतं. प्रत्येक दोऱ्याला खाली वजन टांगलेलं, त्यामुळे दोरा आपला खालीच. कार्डाला भोक असेल तिथली सुई आत जाते, हूक वरच्या पट्टीवर अडकून राहतो, तो दोरा वर. भोक नसेल तर सुई ढकलली जाते, हूक सुटतो, दोरा खालीच राहतो. सगळे दोरे एकदम उचलले तर मोर कुठला, नुसता गोंधळ. म्हणजे 'खाली राहा' हा नियम, आणि 'वर ये' ही परवानगी. बरोबर?

छेदनकक्ष
चाळीस वर्षं शिकवलं, हे सुचलं नाही. पुढच्या वेळी चोरणार.

दोन ठिकाणी मात्र जुळत नाही, तेवढं सांगतो. तुमची वजनं निर्जीव आहेत, नुसती लोंबतात. फिकट थराच्या पेशी जिवंत आहेत, अखंड ओरडून दाबून धरतात. दुसरं म्हणजे डोपामीन हे कार्डही नाही आणि वजनही नाही. हूक किती सहज अडकावा, ते डोपामीन ठरवतं. स्ट्रायाटममधून दोन वाटा निघतात. एक 'चल'ची, थेट दरवाजापर्यंत. दुसरी 'थांब'ची, वळसा घेऊन. डोपामीन पहिलीला बळ देतं आणि दुसरीला आवरतं. डोपामीन आटलं की चल मंदावते, थांब जोर करते. वजनं जड झाली म्हणा हवं तर. कार्ड शाबूत असतं. अण्णांना दारातून जायचं असतं, कसं जायचं तेही ठाऊक असतं. उचलणं होत नाही.

शंकेखोर_सोलापूरकर
मग एक सांगा. सगळीकडे ब्रेकच लागलाय तर हात थरथरतो कसा? ब्रेक लावलेली गाडी हलते का?

छेदनकक्ष
चांगली शंका आहे. इथे ब्रेकची गोष्ट अपुरी पडते. कंपाचा ठेका सेकंदाला चार ते सहा. या गाभ्यातल्या केंद्रांच्या पेशी एरवी आपापल्या चालीने बोलतात, डोपामीन कमी झाल्यावर एका ठेक्यात बोलायला लागतात, आणि त्यात लहान मेंदूची वाटही ओढली जाते. म्हणूनच औषधाने आखडलेपण जितकं सुटतं, तितका कंप दर वेळी जात नाही.

आजीचाबटवा
औषधांच्या नादी लागू नका. खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्या, त्यात तेच औषध नैसर्गिक असतं. आमच्याकडे शेताच्या बांधावर रग्गड उगवते.

छेदनकक्ष
ताई, अर्धं बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबरचीच मला जास्त भीती वाटते. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलं औषध, खरोखर असतं. पण कुठल्या बीत किती, ते बांधावर मोजता येत नाही. आधीच गोळ्या चालू असलेल्या माणसाला वरून चूर्ण दिलं तर डोस दुप्पट. उलट्या, रक्तदाब पडणं, नको ते भास. डॉक्टरांना न सांगता अजिबात नको.

गंमत अशी की या गोष्टीत आपली आणखी एक वनस्पती आहे. सर्पगंधेपासून रेसर्पिन काढतात, ते मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा करतं. आर्विड कार्लसन यांनी 1957 च्या सुमारास सशांना रेसर्पिन दिलं, ससे कान पाडून दगडासारखे बसले. मग लेव्होडोपा टोचलं, थोड्या वेळात ससे चालायला लागले. 1960 मध्ये व्हिएन्नात हॉर्निकेविच आणि एहरिंगर यांनी पार्किन्सनने गेलेल्यांच्या मेंदूत पाहिलं, तर स्ट्रायाटममधलं डोपामीन खूपच घटलेलं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

थेट डोपामीनच का देत नाहीत? ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं, आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. बाहेरच होऊन वाया जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा.

पूर्वभागवाला
गोळी तीच चालू आहे सर. पण एक निरीक्षण: सकाळची गोळी बरी लागू पडते, दुपारची कधी लागते कधी नाही. दुपारी ते जेवता जेवता घेतात. कडक भाकरी, डाळ आणि शेंगाचटणी. चटणी म्हणजे चमचाभर नाही, वाटीभर. तेल घालून.

छेदनकक्ष
सापडलं बहुतेक. आतड्यात आणि पुढे मेंदूच्या वेशीवर लेव्होडोपा ज्या दारातून शिरतं, त्याच दारातून प्रथिनांचे तुकडेही शिरतात. शेंगदाणे आणि डाळ म्हणजे प्रथिनांची रांगच. गोळी मागे राहते. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. बरेचदा तसंच सांगतात.

हुरडापार्टी
सर, चटणी बंद करा म्हणू नका. सोलापूरच्या माणसाला ते जमणार नाही बे.

छेदनकक्ष
वेळ बदला म्हणालो. चटणीला हात लावायची माझी हिंमत नाही.

फिजिओताई
उशिरा आले, माफ करा. शहाबादीचं कोडं कुणी सोडवलंच नाही!

पूर्वभागवाला, तुमच्या आईचं निरीक्षण बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं आहे. शहाबादी फरशीला सांधे असतात, करडे, ठळक, साधारण पावला-दीड पावलावर. अण्णा नकळत त्या रेघा ओलांडत होते. आपण चालतो तेव्हा पुढचं पाऊल 'आपोआप' सुटतं, आणि ते आपोआप सोडणं हेच या काळ्या पट्टीच्या वाटेचं काम. ती वाट अडली तरी डोळ्यांना ठळक खूण दिसली, की मेंदू दुसऱ्या वाटेने, बघून ठरवून, पाऊल टाकू शकतो. पांढऱ्या गुळगुळीत टाइलवर ओलांडायला काहीच नाही. त्यात दार म्हणजे अरुंद जागा, तिथे पाय हमखास अडतात.

उपाय स्वस्त आहे. रंगीत चिकटपट्टी, फरशीच्या रंगाशी भांडणारी. दाराच्या अलीकडे चार, पलीकडे चार, चालण्याच्या दिशेला आडव्या. अंतर अण्णांच्या पावलाएवढं, त्यांना चालवून मोजा, अंदाजाने नको. पायपुसणं उचला तिथलं. आणि अडकले की मागून ढकलू नका, हाताला धरून ओढू नका. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग "रेघ ओलांडा" एवढंच म्हणा.

काहींना रेघेपेक्षा ठेका चालतो. घड्याळाची टिकटिक, टाळ्या, मोजणी. त्यांच्या चालीच्या आसपासचा ठेका हवा, फार जलद नको.

जॅकार्ड_जोडारी
तीस वर्षं जॉबर होते म्हणता. मग टिकटिक कशाला, माग ऐकवा की.

पूर्वभागवाला
दादा, आमच्याकडे आता एकही माग उरलेला नाही. कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली.

जॅकार्ड_जोडारी
माझे चार चालू आहेत. उद्या सकाळी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतो. चादरीचा रुंद माग संथ असतो, साध्या कापडाच्या मागासारखा पळत नाही. ताईंना विचारून बघा जमतंय का.

फिजिओताई
पाठवा! मिनिटाला किती ठोके पडतात तेवढं मोजा आणि अण्णांच्या पावलांशी जुळवा. नाही जुळलं तर मोबाईलमध्ये वेग कमी-जास्त करता येतो.

पूर्वभागवाला
अपडेट देतो. उशीर झाला, गोळीच्या वेळा बदलायला परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते पण चटणीवर हसले.

पट्ट्या शनिवारी लावल्या, हिरव्या. आईने आधी नाक मुरडलं, "नव्या फरशीवर हे काय ठिगळ?" अण्णा पहिल्या पट्टीशी थांबले, खाली बघितलं, आणि पाय उचलला. आठही ओलांडल्या. परत येताना पुन्हा. दिवसभरात दोनदा अडकले, आधी दहा-बारा वेळा अडकायचे. आई आता दुसऱ्या दाराशी पण लाव म्हणते.

जॅकार्डदादांचं रेकॉर्डिंग काल संध्याकाळी लावलं. मी ठोके मोजले, मिनिटाला 92. अण्णा खुर्चीत होते. आवाज सुरू झाल्यावर आधी नुसतेच बसून राहिले. मग मान तिरकी करून ऐकायला लागले. मग उठले, हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तिथे पट्टी लावलेली नाही, तरी थांबले नाहीत. आईला म्हणाले, "हा कुणाचा माग आहे? डावीकडचा पिकर सैल झालाय याचा. धोटा नीट बसत नाही. त्याला सांगा, नाहीतर दोरे तोडेल."

(पिकर म्हणजे धोट्याला ठोका देणारा मागाचा तुकडा.) आवाज बारीक झालाय त्यांचा हल्ली, पण हे मला हॉलमध्ये ऐकू आलं.

हुरडापार्टी
😄😄 जॉबर तो जॉबरच!

जॅकार्ड_जोडारी
आत्ता शेडमध्ये जाऊन बघितलं. तिसऱ्या नंबरच्या मागाचा डावा पिकर. पंधरा दिवस दोरे तुटत होते, आम्ही सुताला शिव्या घालत होतो. बदलला. अण्णांना सांगा, उद्या नवीन रेकॉर्डिंग पाठवतो, बाकीच्या तिघांचं पण.